मे आय कम, मॅडम?

प्रिय वैष्णवी,

आजची शेवटची बॅच सुटली आणि मी तशीच बाकावर टेकले. खाली गिरणी, वर माझा घसा. परवानगीला 'मे', विनंतीला 'कुड', मदत देऊ करायची तर 'शॅल आय', खात्रीने तर्क करायचा तर 'मस्ट'. इतकी वर्षं तेच दळण दळतेय. गिरणीवाल्या गोरक्षचं निदान पीठ तरी निघतं. गुडघे जिना चढताना कुरकुरतात, आणि तुझे बाबा गेल्यापासून घरी जाऊन दिवा मीच लावायचा, म्हणून क्लासमध्येच रेंगाळते झालं. कंटाळा आलाय गं, खरं सांगायचं तर.

सुरगाण्याची मीना म्हणून एक मुलगी येते, नर्सिंग करते. इंग्रजी जिभेवर चढत नाही, पण कधी खाडा नाही. काल तास संपल्यावर पिशवी खांद्याला लावून दारात उभी राहिली आणि म्हणाली, 'मॅडम, मे आय कम?' सगळा वर्ग फिदीफिदी हसला. मी म्हटलं, अगं, निघालीस ना? मग 'मे आय गो' म्हण. तर बिचारी गोंधळून म्हणते, 'पण मॅडम, निघताना “जाऊ का” कसं म्हणू? घरात “जाते” म्हटलं तर आई लय रागावते.' बरोबरच की. 'जाते' नाही, 'येते' म्हणायचं, हे तुला मीच धपाटे घालून शिकवलं होतं. समजवायला म्हणून फळ्यावर 'येऊ का?' असं लिहिलं आणि तिथेच थांबले. तुझाच आवाज कानात आला.

संक्रांतीला निफाडहून तुम्ही दोघं आलात, तो दिवस. तू विचारलंस, 'आई, पाणी घेऊ का?' मग 'खिडकी लावू का?' मग 'आणखी एक गुळाची पोळी घेऊ का?' ज्या घरात डबे तू न विचारता फस्त करायचीस, त्या घरात! आणि मी खुळी खूश, की सासरी चांगलं वळण लागलं. शेजारच्या वत्सलाबाईंना कौतुकाने सांगूनही आले. विचारायचीस मला, पण बघायचीस प्रफुल्लरावांकडे. ते दिसलं होतं मला. नव्या जोडप्याचं असतं काहीतरी, म्हणून सोडून दिलं.

निघताना ते खाली गाडीत हॉर्न वाजवत होते. तू उंबऱ्यात थांबून म्हणालीस, 'आई, येऊ का?' मी म्हटलं, 'ये हं, सावकाश.' तरी तू हलली नाहीस. मला वाटलं, चप्पल शोधतेयस. पण तू आजवर कधी विचारून निघालीस? अर्ध्या जिन्यातून 'येते गं' असं ओरडायचीस आणि मी पुढचं ऐकेपर्यंत पसार.

फोनवरच विचारलं असतं, पण तुझा फोन हल्ली स्पीकरवर असतो. मी बोलायला लागले की मागचा टीव्ही बंद होतो आणि तू 'बरंय सगळं' म्हणतेस. मी मुलांना शिकवते, पुरावा थोडा असेल तर 'माइट', पुरेसा असेल तर 'मस्ट'. स्वतः मात्र काल रात्रीपर्यंत 'माइट'लाच चिकटून बसले होते. दमल्या माणसाला ते सोयीचं पडतं. 'मस्ट' म्हटलं की उठावं लागतं.

म्हणून हे पत्र घरी नाही, तू शिकवतेस त्या शाळेच्या पत्त्यावर पाठवतेय. त्या दिवशी तू येण्याचं विचारत होतीस आणि मी जाण्याला हो म्हणून बसले. माझा तर्क चुकला असेल तर आईला म्हातारचळ लागला म्हणून हस. मला त्याचा आनंदच होईल. पण बरोबर असेल तर शाळा सुटल्यावर थेट एसटी पकड. कपडे इथे आहेत, कुलूप जुनंच आहे, तुझ्याकडची किल्ली चालते. पुढचं काय ते दोघी मिळून बघू. मी दमलेय, पण दोघींचा कुकर लावता येणार नाही इतकी नाही. फक्त दारात आलीस की काही विचारू नकोस. सरळ आत ये.

तुझीच,
आई