बिनउंबऱ्याच्या घराची निरवानिरव

मी, कुमारी मनकर्णा बन्सी पालवे, वय वर्षे अठ्ठावन्न, धंदा शिवणकाम, राहणार केडगाव, नगर (कागदोपत्री आता अहिल्यानगर), हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. माझे दोन्ही पाय लहानपणी पोलिओने गेले. डोकं जागेवर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. ‘कुमारी’ शब्दावर वकीलसाहेबांना हसू आलं. येऊ द्या. यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही.

१. केडगावचं घर माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. पाथर्डीकडच्या आमच्या गावातल्या घराला गुडघाभर उंच उंबरा होता. आईवडील ऊसतोडीला गेले की मी उंबऱ्याच्या आत आणि सगळं जग बाहेर. कोणी उचललं तरच ओलांडायचा. माझा भाऊ गोरक्ष याची बायको सविता लग्न होऊन आली, तेव्हा तिने त्याच उंबऱ्यावरचं माप पायाने लवंडून आत पाऊल टाकलं. “लक्ष्मी आली, लक्ष्मी आली!” मी कोपऱ्यात बसून तिच्या पायांकडे बघत होते आणि जळत होते. अजून जळते. माझी न नेसलेली पैठणी म्हणूनच सविताला नाही.

२. घर बांधताना मी एकाही दाराला उंबरा ठेवला नाही. दारं रुंद, अंगणात उतरायला उतार, बसून हात पोचेल असा ओटा, संडासात धरायला दांडे. गवंडी म्हणाला, “ताय, उंबऱ्याबिगर घर म्हंजी लईच इपरीत. लक्ष्मी यायची कुठून?” मी म्हटलं, “खुर्चीवरून येईल. तुम्ही भिंत बघा.”

३. या घरात माझ्याबरोबर ग्लोरिया शिंदे राहते. पाठीच्या कण्याला मार बसल्यापासून तीही चाकाच्या खुर्चीत आहे. नगरात तिला कोणी खोली देईना. जो तो जिना दाखवायचा. आम्हा दोघींना उठवणं, अंघोळ, स्वयंपाक हे सगळं चांगुणा करते. तिचा पगार आम्ही मिळून देतो. आता स्पष्ट लिहिते. चांगुणा आधी माझी होती. ग्लोरिया आली, आणि तिचे केस विंचरताना चांगुणाच्या गप्पांना ऊत येऊ लागला. माझ्याकडे आली की “ताय, झालं का?” ग्लोरियाच्या चहात आलं, माझ्या चहात घाई. विचारलं तर म्हणते, “तुमी बोलूच देत न्हाई, मंग मी काय करू?” हे खरं आहे, पण मला आवडलेलं नाही.

४. गेल्या दिवाळीआधी मी दवाखान्यात होते. तेवढ्यात गोरक्षने परस्पर माझ्या पुढच्या दाराला संगमरवरी उंबरा बसवला. त्याच्या मुलाचं, पार्थचं, लग्न ठरत होतं. फोनवर मोठ्या हौसेनं म्हणाला, “आक्का, सून ह्याच घरात आणायची. माप ठिवायला उंबरा नको व्हय? तुझ्या मागं घर आमालाच हाय की!” बोलण्यात खोट नव्हती. पण आत ग्लोरिया अडकून पडली, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

मी घरी परतले तेव्हा दारात उंबरा नव्हता. चांगुणाने ग्लोरियाला खाली बसवून दिलं होतं आणि ग्लोरियाने छिन्नी-हातोडा घेऊन उंबऱ्याचे तुकडे केले होते. दोघी धुळीने पांढऱ्याफटक, हसून हसून बेजार. मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं ते असं: अगं, तो उंबरा मी फोडायचा होता! जन्मभर वैर माझं, आणि घाव घातला हिने. पुढे कितीतरी दिवस मी दोघींशी धड बोलले नाही.

५. तरीही हे घर मी गोरक्षला देत नाही. ग्लोरिया आणि चांगुणा यांना तिथे तहहयात राहण्याचा हक्क देते. नाहीतर ग्लोरियाला पुन्हा जिने बघत फिरावं लागेल, आणि ते मला मेल्यावरही बघवणार नाही. माझी खोली रिकामी ठेवू नये. घरच्यांनी उंबऱ्याच्या आत ठेवून दिलेली एखादी बाई तिथे आणावी. चांगुणाच्या पगारातला माझा वाटा बँकेतल्या ठेवीच्या व्याजातून चालू राहील. दोघींच्या पश्चात घर वकीलसाहेब नेमतील त्या विश्वस्तांकडे जाईल आणि अपंग बायकांच्या राहण्यासाठीच वापरलं जाईल. कोणत्याही दाराला उंबरा बसवू नये. रांगोळीचा काढला तर चालेल. पार्थच्या नवरीने त्या रांगोळीवरचं माप खुशाल लवंडावं, माझा आशीर्वाद आहे.

६. गोरक्ष लहानपणी मला पाठंगुळीला घेऊन शाळेत पोचवायचा. ते मी विसरले नाही. गावच्या जमिनीतला माझा हिस्सा त्याला. फुटक्या उंबऱ्याचा मोठा तुकडाही त्यालाच, त्याची आठवण म्हणून. हातमशीन आणि कात्री ग्लोरियाला. तिची शिवण वाकडी जाते. तरी गिऱ्हाइकं तिच्याकडेच येतील, कारण ती हसून बोलते. पैठणी चांगुणाला. तिने ती नेसावी, ग्लोरियाला नेसवू नये.

७. शेवटचं. आजवर प्रत्येक दार मी कोणाच्या तरी हातांवर ओलांडलं. मला नेताना तिरडी रस्त्यावर ठेवा, घरात आणू नका. मला माझ्या खुर्चीत बसवा, साडीच्या पदराने नीट बांधा आणि माझ्या दारातून, माझ्या उतारावरून चाकांवर बाहेर आणा. उचलायचं ते पुढे उचला. ग्लोरियाला स्वतःची चाकं फिरवता येतात. तिने आपली आपण यावं. माझी खुर्ची चांगुणाने ढकलावी, घाई न करता. रस्त्यापर्यंत चांगुणा माझी.

हा मजकूर मी माझ्या हाताने लिहिला, पुन्हा वाचला आणि साक्षीदारांसमोर सही केली. त्यांनीही माझ्यासमोर सह्या केल्या. ग्लोरिया आणि चांगुणा यांना त्या वेळी स्वयंपाकघरात बसवलं होतं. तिथून हसण्याचा आवाज येत होता.

सही: मनकर्णा बन्सी पालवे

साक्षीदार:
१. दया अँड्र्यू साळवे, शेजारीण
२. कानिफनाथ आव्हाड, शिवणाच्या दुकानाचे शेजारी

ठिकाण: केडगाव, नगर
दिनांक: १० फेब्रुवारी २०२५