रीळ उघडल्यानंतर केलेले मृत्युपत्र

मी, खाली सही करणारा, वय पन्नाशीच्या जरा पुढे, व्यवसाय विमा कंपनीत लोकांच्या दाव्यांवर शंका घेण्याचा, असे लिहून ठेवतो की हे लिहिताना माझे डोके ठिकाणावर आहे. हृदयाचे तसे सांगता येत नाही; त्यासाठी येत्या बुधवारी सर्जन माझी छाती उघडणार आहेत. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही, मला काही पाजलेले नाही. मी फक्त हादरलेलो आहे. हादरलेल्या माणसालाही मृत्युपत्र करता येते, असे वकिलांनी फोनवर सांगितले. सांगताना ते हसले, याची नोंद असावी.

१. गेल्या रविवारी केलेले मृत्युपत्र मी रद्द करतो. त्यात माझ्या स्वकष्टार्जित घराचा तळमजला माझ्या पश्चात मेहुण्याला, म्हणजे पत्नीच्या भावाला, मोबाईलच्या दुकानासाठी दिला होता. त्या तळमजल्यावर माझी थोरली बहीण दातांचा दवाखाना चालवते. तिच्याकडे जागेचा एकही कागद नाही. होता तो माझा शब्द, आणि तो मी परत घेतला होता. रद्द करण्याचे कारण देणे कायद्याने लागत नाही. पण न सांगता मला बुधवारपर्यंत दम निघणार नाही.

२. वरचा मजला, बँकेतली शिल्लक व भविष्य निर्वाह निधी पत्नीला. दिवाणखान्यातला सोफाही तिचाच. तो तिने मला न विचारता घेतला, याला माझी कंबर साक्ष आहे.

३. मासे पकडायच्या काठीचे स्पिनिंग रीळ, मधल्या किमतीचे. याबद्दल सविस्तर.

हे रीळ घ्यायला मी आणि ताई एकत्र गेलो होतो. तेव्हा आम्ही बोलत होतो. स्वस्त रिळाची मूठ पडायला आलेल्या दातासारखी हलत होती, हे तिचे शब्द. महागडे कपाटातून काढताना दुकानदार आमच्या चपलांकडे पाहत होता. मधले तिने कानाशी धरले, मूठ सावकाश फिरवली, उलटी फिरत नाही ना ते पाहिले, आणि दोरी ओढून ड्रॅग तपासला. ड्रॅग म्हणजे मासा जोर करू लागला की दोरी तुटू न देता थोडी थोडी सोडणाऱ्या चकत्या. ‘झटके देत नाही. हेच घे,’ ती म्हणाली. पैसे मी दिले म्हणून निवड माझी, असे मी सर्वांना सांगत आलो.

पुढे तळ्यावर एकदा मोठा मासा लागला. ड्रॅग पार आवळला तरी दोरी सुटतच राहिली आणि मासा गेला. नवी दोरी ताईने भरली होती.

‘दोरी भरलीस का स्वेटर विणलास?’ मी म्हणालो.

‘तुला ड्रॅग आवळता येत नाही. बाटलीचं झाकण तरी लावता येतं का रे?’

दोघे दोन वेगळ्या बसने घरी आलो. तेव्हापासून अबोला. जिना एकच, पण तिच्या पायांचा आवाज आला की मी वरच थांबतो. दाढ दुखली तर शहराच्या दुसऱ्या टोकाला जातो.

रीळ मात्र चालत राहिले. जिन्यातल्या खुंटीवर टांगायचे, रविवारी काढायचे. मी ते कधी पुसले नाही, कधी उघडले नाही. ‘चांगल्या वस्तूला लाड लागत नाहीत,’ हे माझे ऑफिसातले जाहीर मत. ते ऐकून आमच्या कॅशियरने तेच रीळ घेतले आणि बिनलाडाचे वापरले. दुसऱ्या वर्षी ते खडे दळल्यासारखे वाजू लागले, मग अडकले. मी त्याला म्हटले, ‘तुझ्या हाताला गुण नाही.’

माझ्यामागे कोणाच्या गळ्यात बिघडलेली वस्तू नको, म्हणून परवा रीळ दुरुस्तीवाल्याकडे नेले. त्याने बाजूचे झाकण काढले आणि माझ्याकडे वर पाहिले.

‘साहेब, हात चांगलाय तुमचा.’

‘कसला हात? मी कधी उघडलंच नाही.’

‘चेष्टा करताय का गरिबाची? दातऱ्यांवर ग्रीस ताजं आहे, तेही थापलेलं नाही, बेतानं लावलंय. दोरी वळते त्या रोलरला तेलाचा थेंब आहे. आणि हा वॉशर बघा. हा काही दुकानातला नाही.’

त्याने चिमट्यात एक पातळ काळसर चकती धरून उजेडाकडे केली. तिच्यात दाढ दिसत होती. अर्धी दाढ, आणि तिची मुळे. दातांच्या एक्स-रेची फिल्म कापून कोणीतरी वॉशर केला होता.

छाती उघडणार हे ऐकून मला जेवढा धक्का बसला नव्हता, तेवढा रीळ उघडल्यावर बसला. मी त्याच्या स्टुलावर बसकण मारली.

‘पाणी देऊ का?’

‘पुढे उघडा.’

‘आता काय राहिलंय? दोरी तेवढी.’

‘तीसुद्धा काढा.’

सगळी दोरी उतरली. खाली, स्पूलच्या गुळगुळीत धातूवर, जखमेला लावतात ती चिकटपट्टी नीट गुंडाळलेली होती.

‘बरोबर आहे,’ तो म्हणाला. ‘विणलेली दोरी नुसत्या धातूवर बांधली की अख्खी गुंडाळीच गरगर फिरते. मग ड्रॅग कितीही आवळा, मासा जाणार. पहिल्यांदा पुष्कळांची चूक होते.’

म्हणजे तिला चूक कळली होती. कळल्यावर तिने दोरी उतरवली, पट्टी लावली, दोरी पुन्हा भरली आणि रीळ गुपचूप खुंटीला टांगले. आणि मी इतकी वर्षे त्या पट्टीवरून मासे ओढत होतो.

घरी येऊन पत्नीला विचारले. ती कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, ‘सोमवारी दवाखाना बंद असतो ना, तेव्हा नेतात वन्सं.’

‘तुला माहीत होतं?’

‘मीच तर देते घासायला जुना टूथब्रश.’

‘कुणाचा?’

‘तुमचा.’

४. मी खाली गेलो. थेट पेशंटच्या खुर्चीत जाऊन बसलो. ताईने दिवा माझ्या तोंडावर ओढला.

‘आ कर.’

‘ताई, ते रीळ...’

‘आ कर म्हटलं ना. अरे देवा, कुणी भरलीय ही दाढ? गवंड्यानं?’

‘बोलली का नाहीस?’

‘ऐकायच्या अवस्थेत होतास तू? मासा गेला म्हणून दाढी करायची सोडली होतीस.’ तिचा हात थांबला. ‘पट्टी विसरले होते मी. म्हटलं, आता निदान रीळ तरी बंद पडायला नको.’

मी तिला सांगितले की मी तुला या जागेतून काढणार होतो. तोंडात आरसा होता, तेव्हा तिला कळणार नाही असा माझा हिशेब. पण उघड्या तोंडाची भाषा समजण्यात तिचे आयुष्य गेले आहे.

‘कागद केलास?’

मी होकारार्थी मान डोलावली.

‘बदल,’ ती म्हणाली. ‘चूळ भर.’

सबब तळमजला, दवाखान्यासह, मागच्या मोरीसह, दर्शनी भिंतीवरच्या पाटीच्या जागेसह, ताईच्या पूर्ण मालकीचा राहील. त्यावर माझ्या कोणाही वारसाने हक्क सांगू नये. पत्नीची संमती आहे. ती तिने मी विचारण्याआधीच दिली.

५. मेहुण्याला माझी घडीची खुर्ची. ती बसल्यावर मिटते. त्याने बसून पाहावे.

६. ~~रीळ माझ्या पश्चात ताईला.~~

हे कलम वाचून दाखवताच ताईने माझ्या हातातले पेन घेऊन ओळ खोडली. ‘मेल्यावर दिलेलं मला नको. आत्ता दे.’ सबब रीळ हयातीतच ताब्यात दिले आहे. तिने ते उलटसुलट पाहिले, ड्रॅग सैल केला आणि म्हणाली, ‘बुधवारच्या आधी उद्याचा रविवार येतो. काठी माझी, रीळ माझं. तू नुसता बस आणि जाळी धर.’ सर्जनांनी जड उचलायला मनाई केली आहे. मासा लागल्यास ती मनाई मी पाळेनच, असे या कागदाद्वारे वचन देत नाही.

ताईला साक्षीदार म्हणून सही करायची होती. ज्याला मिळकत मिळते त्याने साक्ष द्यायची नसते, हे समजावले. ‘मग मी इथे काय करू?’ तिने विचारले. मी म्हटले, ‘बस जवळ.’ ती बसली आहे.

सही: (स्वतःच्या हाताने, दुसऱ्या प्रयत्नात)

आमच्यादेखत सही केली. मध्येच पेन अडकले, ते ताईंनी झटकून दिले.

साक्षीदार पहिला: रीळ दुरुस्तीवाला
साक्षीदार दुसरा: कॅशियर. हाताला गुण नसला तरी सही करता येते, एवढे नमूद करतो.

ठिकाण: तळमजला, पेशंट बसतात ती खोली.
दिनांक: शनिवार. उद्या पहाटे निघायचे आहे, म्हणून इथेच थांबतो.