गुडाखूच्या डबीतली काडी

२५ ऑक्टोबर, शनिवार. दुपारी १२.४०

दाढ गेली. खालची, उजवीकडची, शेवटून दुसरी. तोंडात कापूस आहे, बोलता येत नाही, म्हणून लिहितो आहे.

डॉक्टर रुपा माझीच विद्यार्थिनी. एकोडीच्या जिल्हा परिषद शाळेत चौथीपर्यंत माझ्या वर्गात होती, आता साकोलीत स्वतःचा दवाखाना आहे. इंजेक्शन देताना म्हणाली, "गुरुजी, घाबरून राहिले का?" मी मानेनेच नाही म्हटलं. डोळ्यांत पाणी आलं ते लाइटमुळे.

सूचना : कापूस तासभर दाबून ठेवणे. थुंकणे नाही. गरम खाणे नाही. उद्यापासून मिठाच्या कोमट पाण्याच्या हलक्या गुळण्या. खर्रा, म्हणजे प्लास्टिकच्या पन्नीत घोटलेली सुपारी-तंबाखू-चुना, बंद. सुपारीसुद्धा नाही. जखमेत रक्ताची गाठ धरते, ती जपायची. सुटली तर आतलं हाड उघडं पडतं. शुक्रवारी दाखवायला यायचं.

एक गोष्ट मात्र ती माझ्या बायकोसमोर, रुखमासमोर, उगाच बोलली. माझ्या तोंडात बोटं घातली आणि म्हणाली, "काकू, तीन बोटं जायले पाहिजे. गुरुजींची दोनच जाऊन राहिली. खर्र्यानं तोंड आवळून राहिलं." माणसाचं तोंड काय बोटं घालायला असतं? पण रुखमाचा चेहरा उतरला. तिचा भाऊ देवाजी, त्याचंही तोंड आधी असंच आवळत गेलं होतं. मग नागपूरला जबड्याचं ऑपरेशन झालं. आता वाटीने पातळ तेवढं घेतो.

देवाजीची केस वेगळी. तो दिवसाला दहा खर्रे खायचा. मी सहा. कधी सात.

सायं. ५.१५

घरात करार झाला. रुखमा म्हणाली, "तुमी खर्रा सोडा, मी गुडाखू सोडते. लग्नाच्या आधीपासून घासून राहिली, पण सोडते." गुडाखू म्हणजे तंबाखू-गुळाचा काळा लेप. ती दिवसातून चार वेळा बोटावर घेऊन दातांना लावते. तिने डबी माझ्या हवाली केली. माझ्या खिशातल्या खर्र्याच्या दोन पन्न्या तिने चुलीत टाकल्या. दोघांनी देवाजीची आण घेतली.

मला कठीण नाही. आमच्या शाळेच्या गेटवर 'तंबाखूमुक्त शाळा' हा बोर्ड माझ्याच अक्षरात आहे. सहा वर्षं मी नोडल शिक्षक आहे. शपथ देण्याचा मला भरपूर अनुभव आहे.

काळजी तिचीच वाटते. बाईमाणूस, मनाची कच्ची.

२६ ऑक्टोबर, रविवार. सकाळी ६.००

उत्तम झोप. दुखणं नाही. संकल्प : १) रोज चार वेळा गुळण्या. २) प्राणायाम. ३) 'दात काढल्यानंतर घ्यावयाची काळजी' ही पुस्तिका लिहून विद्यार्थ्यांत वाटणे, स्वानुभव म्हणून. ४) शुक्रवारी गावची मंडई, दिवाळीनंतरची जत्रा. पाहुणे येतील, घरोघर मटण शिजेल. तोपर्यंत पूर्ण बरं होऊन नळी फोडून खाणे.

सकाळी ८.३०

रुखमाचं डोकं दुखतं म्हणे. दाढ माझी काढली आणि डोकं हिचं दुखतं!

डबी माझ्या कपाटात, पाठ्यपुस्तकांच्या मागे ठेवली आहे. आगपेटीची काडी आत उभी टाकून पाहिली. बरोबर अर्धी बुडाली. तिथे पेनाने खूण केली. संशय मुळीच नाही. पण मुलांवर विश्वास असला तरी शाळेत हजेरी रोज घेतोच की आपण.

दुपारी १२.१०

टेकचंदच्या पानठेल्यावर जाऊन आलो. खर्रा सोडल्याचं सांगायलाच गेलो होतो. लोकांपुढे उदाहरण पाहिजे. टेकचंद म्हणाला, "वा गुरुजी! तुमाले जमते बा." पाऊण तास थांबलो. तो दुसऱ्यांसाठी पन्नीत खर्रा घोटत होता, त्याचा वास घेतला. वास घेऊ नका असं रुपा म्हणाली नव्हती.

गुळण्या राहिल्या. उद्या आठ करीन.

२७ ऑक्टोबर, सोमवार. सकाळी १०.४५

शाळेला दिवाळीची सुटी, म्हणून पुन्हा ठेल्यावर. टेकचंद म्हणाला, "साधा खाऊन पाहा. तंबाखू नाही, नुसती सुपारी न् चुना." तत्त्वतः यात काहीच गैर नाही. तंबाखू नाही म्हणजे तो खर्राच नाही, बडीशेपेचा लांबचा भाऊ. शिवाय मी डावीकडे ठेवला. जखम उजवीकडे आहे. रुपा सुपारीला नाही म्हणाली होती खरी, पण तिचा रोख खर्र्यातल्या सुपारीवर असणार.

थुंकलो नाही. सगळं गिळलं. सूचना म्हणजे सूचना.

सायं. ६.००

साधे : तीन. तंबाखू : शून्य. स्वतःचा अभिमान वाटला.

रुखमाने चहा ओतताना अर्धा ओट्यावर सांडला. हात थरथरत होता. गाईवर ओरडली. गाईने काय केलं होतं? मी शांतपणे म्हटलं, "मन काबूत ठेवावं माणसानं. माझ्याकडे पाहा." तिने पाहिलं. 

काडी : अर्धी. ठीक.

२८ ऑक्टोबर, मंगळवार. पहाटे ५.२०

ठणका. दाढेच्या जागी काहीही नसताना तिथेच दुखतं, ही कसली वैद्यकशास्त्राची प्रगती? कानापर्यंत कळ जाते. तोंडाला वास येतो आहे.

कारण उघड आहे. रुपाने काम नीट केलं नाही. चौथीतही तिचे भागाकार अर्धवट राहायचे. मी हिला अ श्रेणी दिली होती, त्याची ही परतफेड.

सकाळी ९.००

लवंग लावली. उपयोग शून्य. आमची आजी दातदुखीवर गुडाखू लावायची, ते आठवलं. घरात डबी आहे आणि ती माझ्याच ताब्यात आहे. चिमूटभर घेऊन हिरडीवर लावली. औषध म्हणून. जीभ बधिर झाली, बरं वाटलं.

करारात माझ्या नावापुढे 'खर्रा' असा स्पष्ट शब्द आहे. गुडाखूचा उल्लेख तिच्या नावापुढे आहे.

दुपारी ३.००

पुन्हा एकदा औषध.

२९ ऑक्टोबर, बुधवार. दुपारी १.१५

धक्कादायक बातमी. हलक्या धानाची कापणी चालू आहे. आमच्याकडे जेवणाच्या सुटीत बायका बांधावर बसतात आणि गुडाखूची डबी या हातातून त्या हातात फिरते. आज मी रुखमाचा जेवणाचा डबा घेऊन शेतावर गेलो तर त्यांच्यातली शकुनबाई म्हणाली, "गुरुजी, तुमची रुखमाबाई आता आमच्यासंग बसत नाही. कायले रुसली का जी? तिकडं मोहाच्या झाडाखाली एकटीच बसून राहते."

एकटीच! झाडाआड! माणूस एकटं कशासाठी बसतं हे मला कोणी शिकवू नये. मी स्वतः शाळेच्या मागे पाण्याच्या टाकीपाशी वीस वर्षं बसलो आहे.

सायं. ५.४०

ठणका वाढला. औषध : सकाळी एकदा, दुपारी एकदा, आता एकदा.

टेकचंदने दगा दिला. साध्यात तंबाखू टाकली. तोंडात गेल्यावर कळलं. म्हणाला, "चुकीनं झालं गुरुजी, हाताले सवय आहे." तोंडात घातलेली वस्तू टाकून देणं आपल्या संस्कारात बसत नाही. संपवला. हा मोजायचा नाही, कारण चूक त्याची.

गुळण्यांचं मीठ संपलं आहे का, पाहायला पाहिजे.

३० ऑक्टोबर, गुरुवार. सकाळी ७.३०

विश्वासघात.

काडी टाकली. पाव बुडाली. दोनदा टाकली, तिसऱ्यांदा उजेडात नेऊन टाकली. पाव. पेनाची खूण वर उघडी दिसते आहे.

मी औषधापुरती घेतली ती किती? नखाएवढी. त्याने एवढी कमी होऊच शकत नाही. म्हणजे मी अंघोळीला गेलो की ही कपाट उघडते. पाठ्यपुस्तकं बाजूला सारते, घासते, पुस्तकं पुन्हा इयत्तेप्रमाणे लावून ठेवते. अठ्ठावीस वर्षांचा संसार! सख्ख्या भावाची आण घेतली होती हिने. मी इथे ठणका सोसत नियम पाळतो आहे, आणि ज्या माणसासाठी पाळतो तेच माणूस पाठीमागे हे करतं. फार वाईट वाटलं. नुसता राग नाही, रडू आलं. दाढेमुळे नीट रडताही येईना.

सकाळी ८.१०

विचारलं. सरळ विचारलं. डबी समोर ठेवली, काडी दाखवली, खूण दाखवली. पुरावा असा पाहिजे.

तिने सगळं ऐकून घेतलं. एवढंच म्हणाली, "तुमी रोज काडी टाकून पाहत होते?" आणि गाईला वैरण घालायला निघून गेली.

 चोराच्या मनात चांदणं.

दिवसभर तिच्याशी बोललो नाही. तीही बोलली नाही. तिच्या अबोल्याला काही कारण नाही.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार. सकाळी ९.००

मंडई. सकाळपासून रस्त्यावर पाळणेवाले, फुगेवाले. शेजारून मसाल्याचा वास. तोंड सुजलं आहे. रुपाकडे जातो. आधी तिला चार शब्द सुनावणार, मग औषध घेणार. रुखमा गाडीवर मागे बसली आहे. येऊ दे. डॉक्टरणीची चूक तिच्यासमोरच सिद्ध होईल.

दुपारी २.३०

लिहायचं नव्हतं. पण करण्यासारखं दुसरं काही नाही.

रुपाने तोंडात लाइट टाकला. मी म्हटलं, तुझं काम अर्धवट राहिलं. ती म्हणाली, "पाहते ना गुरुजी." पिचकारीने पाणी मारलं. मग चिमटा आत घातला आणि काहीतरी ओढून काढलं. ट्रेमधल्या पांढऱ्या कापसावर ठेवलं.

सुपारीचा तुकडा. चांगला मोठा, तांबूस, एका कडेला चुना.

रुपा म्हणाली, "गुरुजी, हे काय जी?" अगदी हळू म्हणाली. चौथीत मी कोणाच्या दप्तरातून काही काढलं की असंच विचारायचो. मी म्हटलं, डावीकडे ठेवत होतो. ती म्हणाली, "तोंड एकच असते ना गुरुजी." गाठ सुटली, हाड उघडं पडलं आहे. पंधरा दिवस तरी दुखेल. मग तिने पुन्हा बोटं घातली. दोन जेमतेम गेली.

रुखमा शेजारीच उभी होती. ट्रेकडे पाहत होती. तिने तो तुकडा कापसासकट उचलला, रुमालात बांधला आणि म्हणाली, "चाला."

साकोलीपासून एकोडीपर्यंत तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला नाही. खड्ड्यांतही मागची कडी धरून बसली.

घरी आल्यावर डबी मागितली. मला आधी बरं वाटलं. म्हटलं, चला, आता दोघंही सारखेच. तिने डबी उघडली, राहिलेली गुडाखू उकिरड्यावर खरवडून टाकली. डबी राखेने घासली, धुतली, पदराला पुसली. रुमालातला तुकडा तिच्यात ठेवला. काडी उचलून तीही ठेवली. झाकण लावून माझ्या टेबलावर, या रोजनिशीच्या शेजारी आणून ठेवली.

"रोज पाहत होते ना? आता हे पाहत जा."

मी म्हटलं, पण गुडाखू तर कमी झाली होती. ती म्हणाली, "मले नका सांगू. तुमी लिहिता ना सारं? वाचा."

दुपारी ३.१५

वाचलं. मंगळवारी दोनदा. बुधवारी तीनदा. सगळं माझ्याच अक्षरात, वेळेसह. तिच्या नावावर एकही नाही. तिच्या नावावर आहे ते डोकेदुखी, थरथरता हात, सांडलेला चहा आणि मोहाच्या झाडाखाली एकटं बसणं. डबी समोर फिरली तर हात जाईल म्हणून ती त्या बायकांपासून उठून गेली होती. हे शकुनबाईला कळलं नाही, ठीक आहे. मला कळायला पाहिजे होतं.

दुसऱ्या कोणाची वही असती तर लाल पेन घेतला असता.

सायं. ६.२०

टेकचंदचा फोन आला. "गुरुजी, मंडई आहे, साधा घोटून ठेवला." नको म्हटलं. तो म्हणाला, "बरं, उद्या." मी उद्यालाही नको म्हटलं की नाही, आठवत नाही.

देवाजी आला आहे मंडईला. दरवर्षी येतो. मटण पाहुण्यांना वाढलं. रुखमाने दोन वाट्या पातळ पेज केली. एक देवाजीपुढे ठेवली, एक माझ्यापुढे. दोन्ही फुंकून थंड केल्या होत्या. देवाजीने माझ्या वाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि बाजूला सरकून मला जागा दिली.

ओरडली असती तर बरं झालं असतं. पेज प्यालो. मीठ कमी होतं, मागितलं नाही.