गिरजाबाईची वाट

लाखनी, १९८४

श्यामराव भाऊजी,

वहिनीनं दिराला आशीर्वाद लिहावा, पण आज हात धजत नाही.

तुम्ही म्हणाला होता, "वहिनी, गल्लीतल्या कोनीच घर इकू नये. तुमचं सारे आयकतेत, तुमीच सांगा." मी घरोघर सांगत फिरले. तुमच्या मागच्या घरातल्या गिरजाबाईकडे चांगलं गिऱ्हाईक आलं होतं, ते तिनं माझ्या शब्दावर परत पाठवलं. महिनाभरात तुम्हीच घराचा तुमचा भाग एका लॉजवाल्याला विकून नागपूरला गेलात.

आपल्या गल्लीत वाट कधी कागदावर नव्हती. मागच्या घरचं माणूस पुढच्याच्या अंगणातून जायचं. लॉजवाल्यानं तुमच्या अंगणाला भिंत घातली आणि मागे गिरजाबाई कोंडली गेली. मला म्हणाली, "तुया देरानं इकलं अन् तुले मालूम नोतं? कोनाले सांगून राहिली तू?" त्यानंतर बोलणं बंद.

मी मागचा कूड पाडून तिला वाट दिली. आता ती रोज पाण्याची गुंड घेऊन माझ्या अंगणातून जाते, पण माझ्याकडे बघत नाही.

तुमचा निरोप मिळाला. लॉजवाला माझंही घर घ्यायला तयार आहे, मी विकून तुमच्याकडे राहायला यावं, असं म्हणता. मी विकलं तर ती निघेल कुठून, हे तुमच्या मनात आलं नाही?

काल जाता जाता ती थांबली. "तू बी जाऊन राहिली काय?"

"नाही वो," मी म्हटलं.

हे पत्र धाडत नाही. उत्तर जिला हवं होतं, तिला देऊन झालं.

तुमच्या थोरल्या भावाच्या घरातून,
शकुन