नदीकडून तिसरं घर

प्रिय ताई,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून कागद घेतला. जेवलास का, खोकला गेला का, एवढं विचारून होईपर्यंत तुझी ड्यूटीची वेळ होते आणि माझं राहून जातं. अक्षराला हसू नकोस. ब्रशची सवय लागलेल्या हाताला पेन फार बारीक वाटतं.

मावशीने तुझ्यासाठी चष्मेवाल्यांचं स्थळ आणलं तेव्हा तू म्हणालीस, माणूस बरा असेल, पण ते गाव म्हणजे नुसती झोपायची खोली. सकाळी सगळे शहरात कामाला पळणार, रात्री पडायला येणार, वर नदीची ओल आणि डास. तर ताई, डास आहेत, ते आधीच कबूल करतो. बाकीचं मला डोळ्यांनी बघून सांगता येईल, कारण गेले दोन महिने मी त्याच गावात आहे. बंदरावरची गोदामं रंगवायचं काम सुटलं. मुकादमाशी वाजलं, नेहमीचंच. पुढे कुठेतरी जायचंच होतं, म्हटलं जाता जाता तुझं सासर तरी बघून ठेवू. चिडू नकोस.

सकाळी स्टेशनचा रस्ता म्हणजे पळापळ. एका हाताने शर्टाची बटणं लावत चाललेला माणूस मी रोज बघतो. तासाभरात सगळं शांत. मग दोन गल्ल्या पलीकडे कुणाचा नळ ठिबकतोय तेही ऐकू येतं. नदी रुंद आहे, तिला कसली घाई नाही. स्टेशन आणि गाव यांच्यामध्ये पूल आहे, आणि संध्याकाळी गंमत असते ती तिथे. गाडीतून उतरलेली माणसं मागे कुत्रं लागल्यासारखी निघतात, आणि पुलावर आली की आपोआप सावकाश चालायला लागतात. घरी कामं पडलीत हे ठाऊक असतं, तरी पिशवी खाली ठेवून कठड्याला टेकतात. नुसतं नदीकडे बघतात आणि मग घरी जातात. मी इतकी गावं फिरलो, पण घरी जायच्या आधी दम खायला एवढी चांगली जागा कुठे बघितली नाही. आणि तुझ्या इस्पितळाला जाणारी गाडी इथूनच सुटते, म्हणजे बसायला जागा हमखास. दिवसभर उभी असतेस, तुझ्यासाठी ही गोष्ट लहान नाही.

आता मी इथे माती कशी खाल्ली ते ऐक. दिवसा घरात कुणी नसतं, म्हणून सगळ्या गल्लीच्या किल्ल्या चष्मेवाल्यांच्या दुकानात खिळ्यांवर टांगलेल्या असतात. नळवाला असो, सुतार असो, रंगारी असो, किल्ली त्यांच्याकडून न्यायची. मला म्हणाले, तिसरं घर, स्वयंपाकघर, पिवळा रंग. मी नदीकाठच्या वाटेने गल्लीत शिरलो आणि तिसरं घर मोजलं. किल्ली लागली, कारण बांधणाऱ्याने सगळ्या दारांना एकाच जातीची कुलपं ठोकलीत. संध्याकाळपर्यंत रंगाचे दोन हात मारून मोकळा झालो. इथले लोक घरं स्टेशनकडून मोजतात हे मला कोण सांगणार?

त्या घरातला नवरा आधीच्या गाडीने येतो, बायको शेवटच्या. त्याला वाटलं बायकोने करून घेतलं, नावं ठेवली तर उपास घडेल. तिला वाटलं नवऱ्याला कधी नव्हे ते सुचलं. आठवडाभर दोघं एकमेकांशी फार गोड वागली म्हणे. रविवारी दोघांनी एकदमच आभार मानले आणि बिंग फुटलं. खऱ्या तिसऱ्या घरातली बाई मात्र दुसऱ्याच दिवशी, माझी पिवळी भिंत कुठाय, म्हणून दुकानात उभी. मी पिशवी भरली होती. तुला माझी रीत ठाऊक आहे, गडबड झाली की गाव बदलायचं. पण चष्मेवाले त्या बाईंना म्हणाले, चूक माझी, नवख्याला कुठलं टोक ते सांगायला हवं होतं. त्याच दिवशी बाईंच्या घरी माझ्याबरोबर आले, आणि रविवारी बिंग फुटल्यावर त्या जोडप्याकडेही. बाईंचं स्वयंपाकघर रंगवताना शिडी धरून उभे राहिले. धरता धरता, इथे राहिलं, तिथे राहिलं, असं इतकं चाललं की शिडी त्यांनी चढावी आणि मी धरावी असं वाटलं.

दोष सांगतो. बोलता बोलता समोरच्याच्या नाकावरचा चष्मा न विचारता काढून पुसतात. बेसूर गुणगुणतात. घरात धड एक पातेलं नाही. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, ते दिसतंच. पण मागच्या आठवड्यात नदीकडची खोली रिकामी केली आणि मला विचारलं, एक नर्सबाई कदाचित येतील, अजून नक्की नाही, दिवसभर इस्पितळात दमलेल्या माणसाला कुठला रंग बरा वाटेल? ताई, मी कोण हे त्यांना ठाऊक नाही. मी म्हटलं, फिका निळा नको, तो त्या दिवसभर बघत असतील. मग तुला आवडतो तसा लिंबासारखा पिवळा दिला. रंग वाळला तरी ते दारात उभे होते. म्हणाले, नाहीच आल्या तरी खोली चांगली दिसते. ते काही मला खरं वाटलं नाही.

काल मावशीचा फोन आला. तू नकार कळवणार आहेस, कारण धाकट्याचं बस्तान बसल्याशिवाय तुला तुझं बघायचं नाही. याआधीची दोन स्थळंही तू याच कारणाने परत केलीस, ते मला कालच कळलं. ताई, माझं बस्तान बसणार नाही. पुढच्या महिन्यात मी डोंगराकडच्या धरणावर चाललोय, तिथून कुठे जाईन ते माझं मलाच ठाऊक नाही. मी असाच आहे, आणि त्यात तुझं काही चुकलं नाही. माणूस आवडला नसेल तर खुशाल नाही म्हण, पण माझं नाव पुढे करून म्हणू नकोस. हे सांगायलाच एवढं लिहिलं. मला उत्तर पाठवू नकोस, त्यांना पाठव.

तुझाच, पाय घरात न ठरणारा,
धाकटा