फेलित्सियाच्या पासावर

शुक्रवार, ३ जुलै १९९८. लेवोचा, स्लोव्हाकिया

सुखरूप पोचले, आणि सामानही सगळं पोचलं. यागोदाची कॉलेजातली पाठपिशवी (फुकट), रबरी तळव्यांचे बूट (४२ झ्लोटी), जाड मेणबत्त्या चार (१२), उकडलेली अंडी दहा, राईचे पाव दोन, सुकं सॉसेज (९ झ्लोटी ४०), जपमाळ, ही वही, आणि रेल्वेचा महिन्याचा पास. पास तीनशेला पडला. नवा घेतला असता तर साडेसातशे गेले असते. वाचले त्यात लग्नाचा केक होतो.

बावन्न वर्षांची मी, पाठीला बोचकं बांधून तरण्या पोरींसारखी निघाले. आमच्या नोवी सोंचच्या फलाटावर झेनॉन म्हणाला, बायको कुठं गेली असं कुणी विचारलं तर पळून गेली म्हणून सांगू का? मी म्हटलं, खुशाल सांगा, पण डब्यातलं सूप तीन दिवसांत संपवा. नवरा हसला, पण गाडी हलली तेव्हा टोपी काढून उभा होता.

नवस फेडायला चालले आहे. चार वर्षांमागे यागोदाला मेंदूज्वर झाला, डॉक्टरांनी हात टेकले. मी मरियामातेला बोलले, माझी एकुलती एक पोर वाचू दे, तिच्या लग्नाआधी शेजारच्या देशांतल्या तुझ्या चार ठाण्यांना येईन, प्रत्येक ठिकाणी पाच दिवस जपमाळ करीन. पोर वाचली. आता ८ ऑगस्टला तिचं लग्न. लेवोचा, मग हंगेरीत मारियापोच, क्रोएशियात मारिया बिस्त्रित्सा, शेवटी स्लोव्हेनियात ब्रेझ्ये. महिनाअखेरीस घरी.

एकच गोष्ट मनाला लागते. पास माझ्या नावाचा नाही. तळमजल्यावर फेलित्सिया व्रोना कपडे शिवायची, तिच्या नावाचा आहे. लग्न नाही, मूलबाळ नाही, तोंडात टाचण्या धरून मिटल्या ओठांनी बोलायची. तिनंही हीच यात्रा योजली होती, पासही काढून ठेवला होता, आणि मे महिन्यात अचानक गेली. यागोदाचा लग्नाचा पोशाख तीच शिवत होती. तो अर्धा शिवलेला आमच्या कपाटात लटकतो आहे. तिची बहीण स्टेफा पास देताना म्हणाली, "नाव तिचं आहे खरं, पण आपल्या वयाच्या बाईचा चेहरा कोण बघतंय, लुद्विका?"

सीमेवर मी पास पुढं केला. अधिकाऱ्यानं पास बघितला, पासपोर्ट उघडला, मिटला, आणि म्हणाला, प्रवास सुखाचा होवो, फेलित्सियाबाई. पासाच्या घडीत तक्ता असतो. प्रत्येक गाडी, तारीख, कुठून कुठं, हे आपणच पेनानं भरायचं आणि सही करायची. तिकीट तपासनीस समोर उभा राहून बघत होता. मी तिची सही केली. देवा, माफ कर.

डब्यात ब्र्नोच्या दोन कॉलेजकन्या होत्या. म्हणाल्या, काकू, पिशवी तुम्हाला नेतेय की तुम्ही पिशवीला? अंडी दिली तर सालंसुद्धा ठेवली नाहीत. त्या मला फेलित्सियाकाकू म्हणू लागल्या. तपासनीस जवळच होता, मी ओ दिली.

रविवार, ५ जुलै. लेवोचा

आज इथली मोठी जत्रा. सकाळी डोंगरावर चढून गेले. गवतावर माणसांना माणसं चिकटून बसलेली, पण मला ओळखणारं एकही नाही. असं आयुष्यात प्रथमच झालं. आमच्या गावात पाव आणायला गेलं तरी चार जण थांबवतात.

शेजारी एक स्लोव्हाक आजी बसली होती, आमचं बोलणं एकमेकींना निम्मं कळत होतं. नवस कुणासाठी, तिनं विचारलं. मी सगळं सांगितलं, पासाचंही. ओळखीपाळखीचं नसलं की माणूस सांगून टाकतं. आजीचं हसू गेलं. तिच्या गावात एकानं आजारी सावकाराच्या नावानं अशी यात्रा केली होती म्हणे. सावकार उठून बसला, आणि यात्रा करणाऱ्याचं स्वतःचं मागणं तसंच राहिलं. "वाटेनं ज्या नावाला ओ दिलीस ना बाई, त्या नावावर चढतं यात्रेचं पुण्य," ती म्हणाली. मी म्हटलं, माझ्या पोरीचं मागणं तर चार वर्षांपूर्वीच पूर्ण झालंय, मी फक्त फेडते आहे. आजीनं माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाली, तू फेडते आहेस. पासावरची ती अजून मागते आहे.

म्हातारी माणसं असंच बोलतात. चर्चमध्ये यात्रेकरूंसाठी मागण्यांची वही ठेवलेली असते, तीत मी ठळक अक्षरांत माझं नाव लिहिलं, लुद्विका.

शुक्रवार, १० जुलै. मारियापोच, हंगेरी

इथली भाषा एक अक्षर कळत नाही. दोन दिवसांत फक्त 'फेलित्सिया' एवढा एकच ओळखीचा शब्द ऐकला, तोही धर्मशाळेतल्या सिस्टरबाईंच्या तोंडून. पासावरूनच खोली दिली त्यांनी. खोली स्वच्छ, खाट एक, खिडकीबाहेर जर्दाळूचं झाड. पिकलेली जर्दाळू गवतात पडून सडताहेत, कुणी मुरांबा करीत नाही. जीव तुटतो.

इथल्या मागण्यांच्या वहीत आज परत डोकावले. परवाच्या माझ्या ओळीत 'फेलित्सिया' लिहिलेलं आहे. अक्षर माझंच. गाडीच्या तक्त्यात रोज तेच लिहिते, हाताला सवय लागली असेल. खोडून खाली माझं नाव लिहिलं.

जिभेला लोखंडाची चव येते आहे. इथलं पाणी असेल.

मंगळवार, १४ जुलै. देब्रेत्सेन

पोस्टातून यागोदाचं पत्र मिळालं. पोस्टात राखून ठेवा म्हणून तिनं पाठवलं होतं. पासपोर्ट दाखवला, दिलं. बाकावर बसून तीनदा वाचलं.

पोर लिहिते, आई, तू जाण्याआधी पोशाखाचा खालचा घेर कधी पुरा केलास? मला बोलली नाहीस. आठ तारखेला कपाट उघडलं तर टीप घालून तयार. इतकी बारीक टीप तुला येते हे ठाऊक नव्हतं. बाबा म्हणतात, तुझी आई छुपी रुस्तम आहे. आणि गंमत, तळमजल्यावरची खोली रिकामी आहे ना, पण शिवणयंत्राचा आवाज येतो. स्टेफामावशी म्हणते, उंदीर.

मला टीप घालता येत नाही. गुंडी लावायची तरी फेलित्सियाकडेच जायचे.

सात तारखेला माझं पहिलं ठाणं पूर्ण झालं होतं.

शुक्रवार, १७ जुलै. मारिया बिस्त्रित्सा, क्रोएशिया

झोप नाही. सकाळी पासाचं पाकीट फाटलं, म्हणून अस्तर उसवलं. आत चतकोर कागद. शिंपी लोक वापरतात त्या निळ्या पेन्सिलीचं अक्षर. जसंच्या तसं उतरवते.

"माउली, तुझी चारही ठाणी करीन. मला दुसऱ्या मजल्यावरचं घर दे. मुलगी असलेलं."

दुसऱ्या मजल्यावर आम्ही राहतो. वीस वर्षं ती खालून आमचा आवाज ऐकत होती. यागोदाची बालगाणी, झेनॉनची शिट्टी, माझं रागावणं. नाताळच्या रात्री आम्ही एक ताट जास्तीचं मांडतो, कुणी वाटसरू आलाच तर असावं म्हणून. तिला त्या ताटावर कधी बोलावलं नाही. सुचलंच नाही. ती खाली एकटी, आणि ताट वर रिकामं.

मी इथंच थांबले तर? तिचं मागणं अर्धं राहील. पण माझा नवसही राहील. पोरीच्या जिवासाठी बोलले तो नवस.

फादरना सांगायला गेले. माझी भाषा त्यांना कळली नाही. त्यांनी फक्त डोक्यावर हात ठेवला.

रविवार, १९ जुलै

मिस्सेत प्रसादासाठी तोंड उघडलं. जिभेवर टाचणी होती.

मंगळवार, २१ जुलै. झाग्रेब

तिसरं ठाणं काल पूर्ण झालं. आज पोस्टात गेले. काचेपलीकडे यागोदाच्या अक्षरातलं पाकीट दिसत होतं, निळं, कोपऱ्यात तिनं नेहमीसारखं फूल काढलेलं. खिडकीवरच्या बाईनं माझा पासपोर्ट बघितला आणि मान हलवली. नाव जुळत नाही. तिनं बोट ठेवून दाखवलं.

फोटो माझा. नाव व्रोना, फेलित्सिया.

पाकीट तिनं परत खणात ठेवलं.

मग फोन. आमच्या घरी नाही, तिसऱ्या मजल्यावर कुलिकबाईंकडे आहे. त्यांनीच उचलला. मी म्हटलं, मी लुद्विका बोलते. कुलिकबाई हसल्या. "कोण बोलतंय? चेष्टा करताय होय? लुद्विकाबाई इथंच बसल्यात माझ्यापुढं. कालच आल्या यात्रेहून. लेकीच्या पोशाखाला टाचण्या लावतायत. अहो लुद्विकाबाई, तुमच्याच नावानं कुणीतरी फोन केलाय बघा. घेता का?"

नाणी टाकत राहिले. कुणीतरी रिसीव्हर घेतला. माझा आवाज होता, पण मिटल्या ओठांतून आलेला. म्हणाली, फेलित्सिया, एक ठाणं राहिलंय ना. पोरीसाठी तेवढं करून ये.

मागे यागोदा हसत होती. आई, हलू नकोस ना, टोचतंय, असं म्हणत होती. आईला म्हणत होती.

नाणी संपली.

गुरुवार, २३ जुलै. ब्रेझ्ये, स्लोव्हेनिया

आले. न येऊन काय करू.

गाडी बदलताना फलाटावर ब्र्नोच्या त्या दोघी दिसल्या. जीव इतका हरखला की धावत गेले. मी म्हटलं, पोरींनो, माझं नाव लुद्विका, लुद्विका म्हणून एकदा हाक मारा. त्या एकमेकींकडे बघू लागल्या. एक म्हणाली, पण काकू, तुम्हीच तर — मग गाडी आली. खिडकीतून हात हलवत ओरडल्या, फेलित्सियाकाकू, जपून जा.

तीन आठवड्यांत वाटेवर मी माझं नाव कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर एक तरी माणूस —

शनिवार, २५ जुलै

तिसरी जपमाळ झाली. दोन राहिल्या. दोन दिवसांत मागे फिरता येईल. स्टेशन अर्ध्या तासावर आहे.

पण मेंदूज्वरात ती कशी पडली होती ते आठवतं. मान लाकडासारखी. तेव्हा मी म्हटलं होतं, वाटेल ते घे. खरंच म्हटलं होतं, वाटेल ते.

सोमवार, २७ जुलै

पाचवी झाली. चौथी मेणबत्ती लावली.

पोर सुखी राहो. पोर जगो.

बोटातली लग्नाची अंगठी गेली. बोटावर पांढरा वळ होता, तोही नाही. कधी घातलीच नसावी असं बोट.

बुधवार, २९ जुलै. दोबोवा, सीमेवरचं स्टेशन

उतरवलं. अधिकारी भला होता. यंत्रात नंबर घालून बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, हा पासपोर्ट रद्द आहे. ही बाई १२ मे रोजी वारली. पोलंडहून कुणी ओळख पटवून देईपर्यंत इथंच थांबा. मी म्हटलं, पटवतील, माझी मुलगी आहे. त्यानं फोटो माझ्या चेहऱ्याशी लावून बघितला आणि नजर वळवली. मीही बघितला. फोटोतले ओठ घट्ट मिटलेले. टाचण्या धरल्यासारखे.

पास अजून चार दिवस चालतो. कुठल्याही गाडीत बसता येईल. घरी सोडून.

गुरुवार, ३० जुलै

बाकावर आहे. गाड्या येतात. कुणी बघत नाही. पाव अर्धा उरला.

वहीचं हे पान फाडून पोस्टात टाकते. तिकिटापुरते पैसे आहेत.

यागोदा, बाळ, हे पत्र एकटी असताना वाच. घरात आहे ती मी नाही. आठ तारखेला चर्चला निघण्याआधी गुडघे टेकशील, आई कपाळावर क्रूस काढून आशीर्वाद देते तेव्हा — तिचा हात —

नाही. तिला वाईट वागवू नकोस. फार वर्षं एकटी होती. पण आशीर्वाद बाबांकडून घे. माझा मी इथून —

तिला विचार, मेंदूज्वरात तुझ्या उशाशी मी कुठलं गाणं म्हणायचे. तळमजल्यावर इस्पितळातलं ऐकू गेलं नव्हतं. तिला येणार नाही. मग तुला कळेल. गाणं मी इथं लिहीत नाही, ती तुझं टपाल बघत असेल. तुला आठवतं ना? मला आता पहिली ओळ — थांब, येईल —

एवढंच कर. उलट टपाली चार ओळी पाठव, आठ तारखेच्या आत, गाणं लिहून पाठव. दोबोवा पोस्टात राखून ठेवा म्हणावं. पाकिटावर लुद्विका लिहू नकोस, त्या नावाचं मला देणार नाहीत. पाकिटावर लिही, फेलित्सिया —