न तडकलेली चकती

नांदेड, रविवार

आईस, तुझ्या धमीचा सप्रेम जय भीम.

फोनवर सांगितलं असतं, पण तू "जेवलीस का" याच्या पुढं जाऊच देत नाहीस. जेवतेय, वेळेवर.

आई, माझी चकती तडकली नाही! मोबाईलमध्ये वीज धरून ठेवणारे बारके तुकडे असतात ना, त्यांची पांढरी भुकटी मी प्रयोगशाळेत बनवते. चार महिने कोरडी पावडर खलात घोटली, दाबून चकत्या केल्या, भट्टीत टाकल्या. दर वेळी चीर. सर म्हणाले, संशोधनाचा विषयच बदल. तुला सांगितलं नाही, पण एकदा बॅगही भरली होती.

मग मीच म्हणलं, "सर, घोटण्याऐवजी लिंबूसत्त्वाच्या पाण्यात सगळं विरघळवते, आटवून पाक करते आणि तो जाळून भुकटी काढते."

दोन्ही भुकट्यांच्या चकत्या एकाच भट्टीत ठेवल्या. घोटलेली चिरली. विरघळवलेली अखंड निघाली आणि वीजही दुप्पट धरली! शेजारच्या टेबलावरची पुनम ओरडलीच, "लई भारी गं!" सर एवढंच म्हणाले, "आणखी दोनदा कर."

काल तिसऱ्यांदाही तेच आलं. सर हसून म्हणाले, "धम्मप्रिया, विषय हाच राहू दे. परिषदेत तूच मांड."

बोट जरासं भाजलंय, म्हणून अक्षर असं. बाबांचा खोकला थांबला का? मुरुडच्या डॉक्टरांना खरंच दाखवलंत ना?

पुढच्या रविवारी येते. दोन्ही चकत्या आणते. चिरलेलीसुद्धा दाखवीन, आता तिची लाज वाटत नाही.

तुझीच,
धमी